गुण्यात न बसणारं घर

जुन्या घराला हात लावू नये, असं सांगणारे जाणते लोक प्रत्येक गावात असतात. फक्त ते छप्पर उतरवल्यानंतर भेटतात. त्याआधी हेच लोक पडवीत बसून "करून टाका हो, एकदाचं होऊन जाऊ दे" म्हणत आपला चहा पिऊन गेलेले असतात.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून जरा वरच्या अंगाला. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि त्यानंतर परसदार ओलांडून, दोन माड नि एक फणस मागे टाकून, संडास. आषाढात रात्री तिथे जायचं तर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी आणि कडी लावायला तिसरा हात लागतो. अप्पाकाकांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या आम्हा चुलतभावंडांच्या बैठकीत एकमताने ठरलं, की मागच्या पडवीला लागून स्लॅबची एक खोली काढायची आणि तिला जोडून संडास-बाथरूम. एवढंच. आणि हात लावतोच आहोत तर छपराचे दोन-चार कुजलेले वासे बदलून घ्यायचे.

"हात लावतोच आहोत तर" या चार शब्दांनी जेवढी कर्जं काढायला लावली असतील, तेवढी लग्नांनीही लावली नसतील. वासे बदलायचे तर कौलं उतरवावी लागतात. कौलं उतरली तर रिपा जुन्या कशाला ठेवायच्या? रिपा नव्या येतायत तर त्यांच्यावरून गेलेली आजोबांच्या वेळची वायर काढून टाका. वायरिंग भिंतीतून घ्यायचं तर गिलावा फोडावा लागणार. गिलावा फोडला की रंग आला. रंग आला की खालची सारवलेली जमीन डोळ्यांत खुपायला लागते. संडासापासून निघालेला विचार देवघरापर्यंत पोचला तेव्हा कुठे दादाने "पण पैसे किती धरलेत?" असं विचारलं, आणि सगळे एकदम पानं मांडायला उठले.

कुदळ मारण्याआधी कागद आले. कोकणातलं घर एकाचं नसतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आमच्या घरापुढे जी नावं आहेत, त्यांतली निम्मी मंडळी आता फक्त पितृपक्षात जेवायला येतात. उरलेल्यांपैकी एकांची नोंद टोपणनावाने आहे. त्यांचं खरं नाव त्यांच्या मुलांनाही आधार कार्ड काढताना कळलं. संमती द्यायला कोणाचीच ना नव्हती. फक्त प्रत्येकाची एकेक बारीकशी अट होती. गोरेगावच्या आत्याला बाळंतिणीची खोली जशीच्या तशी हवी होती. धाकट्या काकांना झोपाळ्याची कडी इंचभरही हलवलेली चालणार नव्हती. न्यू जर्सीच्या चुलतबहिणीला घर आहे तसंच राहायला हवं होतं, आणि तिच्या खोलीत एसी. घर दुरुस्त करून कोणालाच नको असतं. आपण आठ वर्षांचे असताना ते जसं होतं तसं हवं असतं. फक्त संडास आत हवा.

मग माळा रिकामा करणं आलं. माळ्यावरून खाली उतरलं ते असं: दोन पितळी घंगाळं, त्यांतलं एक गळकं. पाय मोडलेला पाट. घासलेटचा स्टोव्ह आणि वेगळ्या डबीत जपून ठेवलेल्या त्याच्या पिना. लग्नामुंजींत आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांचा गठ्ठा, सगळी वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली. आणि पाळणा, ज्यात आमच्या दोन पिढ्या रडल्या. ज्याला जे हवं ते त्याने न्यायचं आणि उरलेलं टाकायचं, असं ठरलं. न्यायला कोणी तयार नव्हतं, कारण डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये घंगाळ ठेवणार कुठे? आणि टाकायचं म्हटलं की प्रत्येकाचा गळा दाटून येई. शेवटी काकूने निकाल दिला, "नवी खोली होतेय ना? तिथे ठेवू." खोलीचा पाया अजून खणायचा होता. पण ती त्या क्षणी भरली.

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला. माजघराच्या भिंतीला वर लाकडी ठोकळा टेकवून दोरी सोडली आणि खालचं लोळक डुलायचं थांबेपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. भिंत सरळ असेल तर लोळक खाली भिंतीला जेमतेम लागतं. आमचं चार बोटं लांब राहिलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. समोरच्या भिंतीला लावलं, तर ती उलट्या अंगाला झुकलेली. मग त्यांनी कोपऱ्यात लोखंडी गुण्या धरला. त्याची एक बाजू भिंतीला चिकटली, दुसरी भिंतीपासून फटकून राहिली आणि मधल्या फटीतून एक पाल निवांत चालत गेली.

"गुण्यात नाय," मेस्त्री म्हणाले. "एक पण कोपरा गुण्यात नाय."

"नव्वद वर्षं उभं आहे घर," अप्पाकाका म्हणाले. "तुमचा ओळंबा एकदा तपासून घ्या."

हा वाद तत्त्वाचा होता. एका बाजूला न्यूटन होता आणि दुसऱ्या बाजूला आमचे पणजोबा. आमच्या घरात न्यूटनचं काही चाललं नाही. पण मेस्त्रींनी जाताजाता जे सांगितलं ते खरं होतं. नवी खोली सरळ बांधली तर तिच्यामुळे जुनं घर वाकडं दिसणार. जुन्याला धरून बांधली तर फरशीवाला काम सोडून पळणार. शेवटी खोली आतल्या अंगाने घराला धरून आणि बाहेरच्या अंगाने ओळंब्याला धरून काढली. तिला भिंती चार आहेत, याहून जास्त तिच्या आकाराबद्दल बोलता येणार नाही. पुढे दोन बाय दोनच्या फरश्या बसल्या तेव्हा शेवटची ओळ एका टोकाला वीतभर निघाली आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी. तिथे आता कपाट आहे.

खोली कौलारूच का नाही केली, असं येणारा-जाणारा विचारी. छपराचा उतार तसाच पुढे ओढला तर पाखं इतकं खाली येतं, की आमच्या सहा फुटी दादाला देवापेक्षा दारासमोर जास्त वाकावं लागलं असतं. म्हणून स्लॅब. भिंतींना मात्र चिराच, हे अप्पाकाकांनी ठणकावून सांगितलं. जांभा खाणीतून मऊ निघतो, हवा लागली की कडक होतो. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटराइट हे नाव देणाऱ्या बुखानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानेही हे नोंदवून ठेवलंय. आमच्या घराण्यातले पुरुष नेमके उलटे. घरातून कडक निघतात आणि मेस्त्रींपुढे उभे राहिले की मऊ होतात. "थोडं जादा काम आहे" असं मेस्त्री म्हणाले, की दादाचा हात आपोआप खिशाकडे जाई.

कौलांचं प्रकरण मात्र वर्षभर पुरलं असतं. उतरवलेल्यांपैकी बरीच फुटकी निघाली. काही वानरांनी फोडलेली, काही आम्ही लहानपणी चढून, उरलेली उतरवताना. नवी आणली तर ती जुन्यांत बसेनात. मंगळुरी कौल सगळीकडे सारखंच, असा आपला समज असतो. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्याचं बघून इतर निघाले, आणि प्रत्येकाने कौलाच्या पाठीवर आपला छाप उठवून खाचा आपल्या हिशेबाने पाडल्या. एकाच्या खाचेत दुसऱ्याचं कौल बसेलच असं नाही. बसल्यासारखं दाखवतं आणि पहिल्या सरीला उघडं पडतं. तेव्हा एक कौल पिशवीत घालून मी स्कूटरवरून पंचक्रोशी हिंडलो. जिथे जुनं घर मोडत असेल तिथे थांबायचं, ढिगातलं कौल उलटं करायचं, छाप बघायचा, आपलं त्याच्यावर ठेवून हलवून बघायचं. अखेर एका वाडीत जुळणारा ढीग सापडला. मालकाने चकित होऊन विचारलं, "कौलं घालताय? लोक काढून पत्रे टाकतायत." तो ढीग उचलून न्यायला कोणाला तरी पैसे देण्याच्या बेतात तो होता. मी किंमत विचारेपर्यंत ती अडगळ होती. विचारल्यावर ती पुरातन झाली.

वाशांचं लाकूड किंजळीचं घेतलं. सुताराने ते तासून, रंधा मारून असं काही सरळ चढवलं, की अप्पाकाकासुद्धा खाली खुर्ची टाकून वर बघत बसले. चैत्राच्या उन्हात त्यांतले तीन वासे हळूहळू पिळले आणि वरच्या रिपा धनुष्याकृती झाल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आम्ही माणसांच्या बाबतीत आहे असं समजत होतो. सुताराने वर नजर टाकली आणि सांगितलं, "लाकूड ओलं होतं." ही गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक होती की आमच्याबरोबरच कळली, ते विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. नव्याने वासे आले, नव्याने मजुरी आली. कौलं चढली त्याच संध्याकाळी वानरांची टोळी येऊन पाख्यावर बसली, त्यांतल्या थोरल्याने दोन-तीन उड्या मारून काम पाहिलं, एक कौल नापास केलं आणि ती माडावर निघून गेली.

मधे शिमगा येऊन गेला होता. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते आणि आमच्या खळ्यात त्या वेळी दोन ब्रास वाळू आणि एक ब्रास खडी पडलेली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे कागदावर फारसं वाटत नाही. हातात फावडं घेतलं की वाटतं. "वाळू मागच्या दारी घ्या" म्हणून आम्ही मेस्त्रींच्या मागे लागलो होतो आणि त्यांचं "उद्या" चालू होतं. पालखी येणार म्हटल्यावर वाडीतली पोरं घमेली घेऊन आली आणि तासाभरात खळं लख्ख झालं. पालखी नाचली, काकूने ओटी भरली, गाऱ्हाण्यात अप्पाकाकांनी "घराचं काम निर्विघ्न पार पडू दे" हे मुद्दाम घालून घेतलं. सकाळी मेस्त्रींनी विचारलं, "शोषखड्डा खणला होता तो कुठाय?" पोरांना अंधारात एक सोयीचा खड्डा दिसला होता. दोन्ही ब्रास त्यात गेली होती.

त्यानंतर सुतार शिमगा पुरा होईपर्यंत दिसला नाही, तो दिसला तेव्हा मेस्त्रींची विजापूरकडची माणसं उगादीला गेली होती आणि ती परत आली तोवर लग्नसराई लागली. काम बंद असतानाही मेस्त्री दिवसाआड येत, हे त्यांचं कौतुक. येऊन भिंतीला हात लावून "झालंच" म्हणत आणि चहा घेत.

स्लॅबचा दिवस हा घरबांधणीतला एकच दिवस, जेव्हा बोलावलेली सगळी माणसं खरोखर येतात, कारण एकदा मिक्सर फिरायला लागला की मधे थांबता येत नाही. नारळ फुटला. मिक्सरच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येईना, त्यामुळे भांडणं झाली नाहीत. अप्पाकाका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सिमेंटच्या गोण्यांची खूण करत बसले होते. पन्नास किलोची गोणी फुटली की एक रेघ. संध्याकाळी त्यांच्या रेघा आणि मेस्त्रींचा हिशेब यांत एका गोणीचा फरक आला. ती गोणी अजून सापडलेली नाही. अप्पाकाका म्हणतात मेस्त्रींनी चोरली; मेस्त्री म्हणतात काकांना जेवणानंतर डुलकी लागली होती. काकू म्हणते दोघंही खरं बोलतायत.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी भरलं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, हे कुठल्याशा पुठ्ठ्यावर वाचून अप्पाकाकांनी तेवढ्या दिवसांचं व्रतच धरलं. आता आमच्या जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. घरात भांड्यांना पाणी मोजून, आंघोळीला अर्धी बादली, आणि वर स्लॅबला दोन वेळ पोटभर. "मी मेले तर आधी स्लॅबला पाजा नि मग माझ्या तोंडात घाला," काकू म्हणाली. अप्पाकाकांवर परिणाम नाही. रोज पहाटे ते शिडी लावून वर जात, आळ्यांत बोट बुडवून पाण्याची उंची बघत आणि खाली उतरून दुसरी बादली नेत. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा घाट घातला होता, ते गुडघे शिडीची एकही पायरी चुकवत नव्हते. हे दादाने त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा ते म्हणाले, "चढताना दुखत नाहीत. बसताना दुखतात."

मग तर कमोडच बसवायला हवा होता. पण अप्पाकाकांचं म्हणणं असं, की खुर्चीवर बसून पेपर वाचावा, बाकी काही होत नाही. फॅमिली ग्रुपवर मतं मागवली. तिथे आधीच फरशीचा रंग, चकचकीत की मॅट, यावरून आत्या आणि न्यू जर्सी यांच्यात अबोला झाला होता. कमोडवर मात्र एकमत झालं, आणि ज्याला वापरायचा त्याचंच मत विरुद्ध पडलं. "बसवा," अप्पाकाका शेवटी म्हणाले, "पाहुण्यांना होईल."

मृगाच्या आधी काम पुरं होणार होतं. मृग वेळेवर आला. कौलांचं पाखं कोरडं, स्लॅब कोरडा. पाणी आलं ते दोहोंच्या मधून. वरच्या उतारावरून येणारा लोंढा जिथे नव्या भिंतीवर आदळतो, तिथे पत्र्याची पन्हळ बसवली होती. ती मेस्त्रींच्या अंदाजाने केलेली होती आणि पाऊस पावसाच्या अंदाजाने पडला. शिवाय जुन्या आणि नव्या भिंतीच्या जोडावर वरपासून खालपर्यंत एक बारीक चीर आली. मेस्त्रींनी हे आधीच सांगितलं होतं: जुन्या घराचा पाया बसून नव्वद वर्षं झाली, नवा अजून बसायचाय, चीर येणारच. त्यांनी सांगितलेली आणि वेळेवर झालेली ही एकच गोष्ट.

गळतीवर औषध प्रत्येकाकडे होतं. कोणी डांबर सांगितलं, कोणी डब्यातलं केमिकल, कोणी म्हणालं जोड फोडून परत भरा. जांभा पाणी पितो म्हणून बाहेरून गिलावा करा, असंही एकाने सांगितलं. तेव्हा बाहेर उभं राहायला छत्री पुरत नव्हती. आम्ही ताडपत्री बांधली. ती वाऱ्याने रात्रभर अशी फडफडली की शेजारच्यांनी चोर आले म्हणून दिवे लावले. जोड गळतो तो नेमका नव्या खोलीच्या उंबऱ्यावर, म्हणून काकूने त्याखाली माळ्यावरचं घंगाळ ठेवलं. अंधारात तिच्या हाताला गळकं लागलं.

गणपतीला मात्र सगळे आले. मूर्ती माजघरात नेहमीच्या जागी बसली; ती जागा नव्या फरशीमुळे दोन इंच वर आलीय, हे आत्याने पहिल्या मिनिटात सांगितलं. नव्या खोलीत घंगाळ, पाळणा, घड्याळं, उरलेल्या फरश्यांचे खोके आणि रंगाचे डबे होते, त्यामुळे माणसं पूर्वीसारखीच ओटीवर आणि पडवीत झोपली. पहाटे नव्या संडासापुढे रांग लागली. लेंगा सावरत दादा, टॉवेल घेऊन वहिनी, पोरं, त्यांच्यामागे दिल्लीहून आलेले जावई. अप्पाकाका छत्री उघडून सगळ्यांच्या समोरून परसदारी निघाले. "इकडे मोकळा आहे," जाताना त्यांनी जावयांना सांगितलं.

दुपारच्या आरतीला मेस्त्री आले. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, आणि मोदक हातात धरूनच मागच्या दारी जाऊन जोडाखाली उभे राहिले. बराच वेळ वर बघून म्हणाले, "याच्यावर एक पत्र्याची शेड घेतली की विषय संपला. दिवाळीच्या आत."

"सहा फूट बाहेर काढा," अप्पाकाका म्हणाले. "पावसाळ्याची लाकडं राहतील."

"दहा काढा," काकू आतून म्हणाली. "घंगाळं तिकडे हलवते. खोली मोकळी होईल."

मेस्त्रींच्या खिशात टेप होता. त्याचं एक टोक त्यांनी दादाच्या हातात दिलं आणि ते फणसापर्यंत गेले. "बसतंय," तिथून ओरडून म्हणाले. "फक्त काय, शेड दोन्हीकडे टेकणार. म्हणजे आणखी दोन जोड येतील."

"ते गळतील?" दादाने विचारलं.

"ते आता कसं सांगणार?" मेस्त्री म्हणाले. "पाऊस पडल्याशिवाय?"